एकात एक तीन पाइप, बाहेरच्या पाइपची झीज लॉगवर दिसतेय. विश्वास किती ठेवायचा?

तळठाव

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळी माहिती दिल्याशिवाय उत्तर मिळणार नाही म्हणून सविस्तरच लिहिते.

मी तेलविहिरींच्या प्रॉडक्शनला आहे, दोन वर्षं झाली. एका जुन्या विहिरीचा इलेक्ट्रोमॅग्नेटिक थिकनेस लॉग (पाइपांच्या जाडीची खोलीनुसार नोंद) माझ्याकडे आलाय आणि पुढच्या आठवड्यात मीटिंगमध्ये मला सांगायचंय की ट्यूबिंग (तेल वर आणणारा आतला पाइप) बाहेर काढून वर्कओव्हर, म्हणजे रिग आणून दुरुस्ती, करायचा की विहीर आहे तशी चालू ठेवायची. विहिरीत सगळ्यात आत साडेतीन इंची ट्यूबिंग (९.२ पाउंडी, म्हणजे फुटाला तेवढे पाउंड वजन), त्याच्याबाहेर ९-५/८ इंची केसिंग (विहिरीला अस्तर असलेला पाइप) ४७ पाउंडी, एल-८० ग्रेडच्या स्टीलचं, आणि त्याच्याबाहेर १३-३/८ इंची ६८ पाउंडी, त्याचा शू (खालचं टोक) ५६० मीटरवर. टूल ट्यूबिंगमधूनच सोडलं होतं. रिपोर्टमध्ये तिन्ही पाइपांची जाडी वेगवेगळ्या तीन रेघांत दिलीय, दशांशासकट, आणि त्या दशांशांमुळेच मला जास्त धास्ती वाटते.

तीन गोष्टी खटकल्या. एक, ४१२ ते ४२४ मीटरच्या दरम्यान ९-५/८ मध्ये १६ टक्के झीज दाखवलीय, एकदम सरळ पायरीसारखी, वर ठीक, मग धपकन खाली, मग बारा मीटरनंतर पुन्हा ठीक. आणि गंमत अशी की नेमकं तेवढ्याच पट्ट्यात १३-३/८ चार टक्के जाड झालेलं दिसतं. दोन, ८८ ते ११७ मीटरला १३-३/८ मध्ये हळूहळू वाढत जाणारी झीज, जास्तीत जास्त २२ टक्के, मग पुन्हा हळूहळू कमी. तीन, चार ठिकाणी ९-५/८ च्या रेघेवर छोट्या खळग्यांच्या जोड्या आहेत, जोडीतलं अंतर प्रत्येक वेळी सारखंच.

ट्यूबिंगमध्ये मल्टिफिंगर कॅलिपर (आतली भिंत बोटांनी चाचपणारं टूल) चालवला होता, तो एकदम स्वच्छ. ट्यूबिंग आणि ९-५/८ मधल्या रिकाम्या जागेला म्हणजे ए-अ‍ॅन्युलसला प्रेशर शून्य, बी-अ‍ॅन्युलसला म्हणजे ९-५/८ आणि १३-३/८ च्या मध्ये ६० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) आहे, गेली काही वर्षं तेवढंच.

माझा मूळ प्रश्न असा की ४३ मिलिमीटर व्यासाचं टूल ट्यूबिंगच्या आत बसून दोन पाइप पलीकडच्या लोखंडाची जाडी खरंच मोजू शकतं का, आणि मोजत असेल तर या तीन गोष्टींपैकी कशावर विश्वास ठेवू?

चुंबकसुई

प्रश्न फार नेटका मांडलाय. मी फील्डवर कधी गेलो नाही, माझं काम कॉइल आणि इन्व्हर्जनचं, म्हणजे सिग्नलवरून उलट हिशोबाने जाडी काढण्याचं, त्यामुळे तेवढ्याच भागाबद्दल बोलतो, विहिरीचं इतर लोक सांगतील.

मोजू शकतं, पण आपण जिला मोजणं म्हणतो तसं नाही. आधी हे बघा की इतर साधनं इथे का चालत नाहीत. कॅलिपरची बोटं ट्यूबिंगच्या आतल्या पृष्ठभागाला टेकतात, त्यापलीकडे त्यांना काही कळत नाही. अल्ट्रासॉनिकला द्रव लागतो आणि पहिल्या भिंतीपलीकडची जाडी त्यातून निघत नाही. मॅग्नेटिक फ्लक्स लीकेज म्हणजे पाइपला चुंबकाने संपृक्त करून बाहेर गळणारं क्षेत्र पकडायचं, ते एकाच पाइपपुरतं चालतं, दोन पाइप पलीकडचं लोखंड ट्यूबिंगमधल्या छोट्या चुंबकाने संपृक्त होत नाही. मग उरतात एडी करंट, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्राने लोखंडात उठणारे विजेचे भोवरे, आणि तेही अगदी कमी फ्रिक्वेन्सीचे.

कमी का, तर स्किन डेप्थमुळे, म्हणजे क्षेत्र धातूत किती खोल शिरतं त्यामुळे. केसिंगच्या स्टीलची वाहकता साधारण ५० लाख सीमेन्स प्रति मीटर आणि सापेक्ष पर्मिअबिलिटी (स्टील चुंबकत्व किती सहज घेतं त्याचं माप) १०० धरली तर १ किलोहर्ट्झला क्षेत्र पाऊण मिलिमीटरच्या आतच एक-तृतीयांशाच्या आसपास येतं. १० हर्ट्झला तीच खोली सुमारे ७ मिलिमीटर, १ हर्ट्झला साडेबावीस. आता तुमच्या विहिरीचं लोखंड मोजा. ट्यूबिंगची भिंत ६.४५ मिमी, ९-५/८ ची ११.९९, १३-३/८ ची १२.१९, बेरीज तीस मिलिमीटरच्या वर. १० हर्ट्झला एवढ्या लोखंडातून बाहेर जाताना शंभरातला जेमतेम सव्वा-दीड भाग उरतो आणि परत आत येताना दहा हजारात दोन. हे ढोबळ आहे, पाइप गोल असल्यामुळे खरा हिशोब वेगळा येतो, पण आकड्याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं. म्हणून बाहेरच्या पाइपसाठी एक-दोन हर्ट्झपर्यंत खाली उतरावं लागतं, आणि तिथे सिग्नल मिळतो पण बारकावा जातो.

यात दोन घराणी आहेत. एक रिमोट फील्ड. ट्रान्समिटर कॉइल सतत साइन करंट देते, रिसीव्हर तिच्यापासून पाइपच्या दोन-तीन व्यासांपेक्षा लांब ठेवतात. तेवढ्या अंतरावर पाइपच्या आतून सरळ येणारं क्षेत्र मेलेलं असतं, आणि जे पोचतं ते भिंतीतून बाहेर गेलेलं, बाहेरून पाइपच्या कडेने प्रवास केलेलं आणि पुन्हा भिंतीतून आत शिरलेलं असतं. म्हणजे भिंत दोनदा ओलांडलेली. प्रत्येक स्किन डेप्थमागे फेज एक रेडियन मागे पडते, त्यामुळे फेज बघितली की जाडी कळते, हे या पद्धतीचं सौंदर्य आहे आणि इतक्या वर्षांनंतरही मला ते तितकंच आवडतं. १९५१ साली मॅक्लीन यांनी याचं पेटंट घेतलं आणि पुढे शेल कंपनीत श्मिट यांनी ते विहिरीतल्या केसिंगसाठीच विकसित केलं, म्हणजे ही पद्धत मुळात तुमच्याच प्रश्नासाठी जन्माला आलीय.

दुसरं घराणं पल्स्ड एडी करंट. कॉइलमध्ये करंट द्यायचा, अचानक तोडायचा, आणि पाइपांमध्ये उठलेले भोवरे कसे विझतात ते ऐकत बसायचं. आधी आतल्या पाइपची गोष्ट ऐकू येते, उशिरा बाहेरच्या. विझायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, जाडी दुप्पट तर वेळ चौपट, म्हणून तीन-चार पाइप असले की एकेका पल्समागे शेकडो मिलिसेकंद थांबावं लागतं आणि केबल हळू ओढावी लागते.

आता तुमच्या दशांशांबद्दल. दोन्ही घराण्यांत टूल जे पकडतं ती नुसती जाडी नसते, ती असते जाडी गुणिले पर्मिअबिलिटी आणि वाहकता यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. एखाद्या पाइपची पर्मिअबिलिटी शेजारच्या पाइपपेक्षा १० टक्के कमी असेल तर जाडी ५ टक्के कमी दिसणार, लोखंड एक कणही झिजलेलं नसताना. आणि पर्मिअबिलिटी एकाच ग्रेडच्या दोन पाइपांत, वेगळ्या हीटमधून (पोलादाच्या वेगळ्या घाण्यातून) आलेल्या असतील तर, सहज बदलते. ताणाने बदलते, आधी कोणी चुंबक फिरवला असेल तर बदलते. वाहकता तापमानाने बदलते, म्हणून खोलीबरोबर सगळी रेघ हळूहळू सरकते. रिपोर्टमधल्या तीन रेघा हे कॉम्प्युटरने शोधलेलं उत्तर आहे, की या तीन जाड्या असत्या तर असा सिग्नल आला असता. तसाच सिग्नल देणाऱ्या दुसऱ्याही जाड्या असू शकतात.

वायरलाइन_वीस_वर्षं

चुंबकसुई सरांनी छान समजावलंय, आता मी तारेच्या टोकाचं सांगतो.

ताई, तुमची पहिली गोष्ट बघून मला रिपोर्ट न बघताच वाटतंय की तो गंज नाही. गंजाला कॉलर (दोन पाइप जोडणारा सांधा) कळत नाही हो. गंज पाइपच्या सांध्यावर सुरू होऊन बरोबर पुढच्या सांध्यावर थांबला असं कधी होत नाही. बारा मीटर म्हणजे एका केसिंग जॉइंटची, म्हणजे पाइपच्या एका अखंड तुकड्याची, लांबी. आधी कॉलरची रेघ उघडा आणि बघा ४१२ आणि ४२४ ला नेमकी कोणत्या पाइपची कॉलर आहे. तीन पाइपांच्या कॉलर एका खोलीवर येत नाहीत, प्रत्येकाचा आपला आपला ठेका असतो, त्यामुळे बदल ज्या पाइपच्या कॉलरला धरून सुरू होतो आणि संपतो तो बदल त्याच पाइपमधला. तिथे ९-५/८ च्या कॉलर निघाल्या तर तो जॉइंट वेगळ्या पर्मिअबिलिटीचा आहे किंवा वेगळ्या वजनाचा, या दोनपैकी काहीतरी. केसिंग उतरवतानाची टॅली शोधा, जुन्या फायलीत असते, जॉइंट नंबर, लांबी, वजन, ग्रेड सगळं लिहिलेलं असतं.

आणि १३-३/८ चार टक्के जाड झालं म्हणताय ना, ती सावली आहे. लोखंड जमिनीत जाड होत नाही. इन्व्हर्जनने आतल्या पाइपची घट थोडी जास्त धरली की हिशोब जुळवायला बाहेरच्या पाइपात वाढ दाखवतं. एका रेघेत खड्डा आणि शेजारच्या रेघेत नेमक्या त्याच उंचीला टेकाड, असं आरशातल्यासारखं दिसलं की दोन्ही आकडे थोडे थोडे चुकलेत असं समजायचं.

तिसरी गोष्ट, खळग्यांच्या जोड्या. लॉगच्या शेपटीला टूलचं स्केच असतं, त्यात ट्रान्समिटर ते रिसीव्हर अंतर दिलेलं असतं. तुमच्या जोडीतलं अंतर त्यातल्या एखाद्या अंतराएवढं आलं तर ती भुतं आहेत, आम्ही घोस्टच म्हणतो. वर सांगितलं तसं क्षेत्र भिंत दोनदा ओलांडतं, एकदा ट्रान्समिटरपाशी, एकदा रिसीव्हरपाशी, त्यामुळे एकच वस्तू दोनदा दिसते, आधी एक कॉइल तिच्यासमोरून जाते तेव्हा आणि मग दुसरी जाते तेव्हा. जवळपास ट्यूबिंगची कॉलर किंवा गॅस लिफ्टचं मँड्रेल (तेल वर आणायला गॅस सोडणारा व्हॉल्व्ह बसवायचा जाड तुकडा) आहे का बघा, आतलं जास्तीचं लोखंड नीट वजा झालं नाही की ते बाहेरच्या रेघेवर खळगा म्हणून उतरतं.

एक आठवण सांगतो कारण त्यातून मी शिकलो. माझ्या सुरुवातीच्या काळात एका विहिरीत बाहेरच्या केसिंगला लाटेसारखी झीज दिसत होती, दर काही मीटरला एक लाट, अगदी नियमित. मी रिपोर्टवर गंज म्हणून सही केली. ट्यूबिंग काढल्यावर कळलं की ट्यूबिंगच वाकून स्प्रिंगसारखी पिळलेली होती, कधी केसिंगच्या एका कडेला टेकायची कधी दुसऱ्या. पाइप मध्यभागी नसला की सिग्नल बदलतो आणि जाडीच्या रेघेत तो झीज बनून येतो. ती पिळलेली ट्यूबिंग रिगच्या रॅकवर आडवी पडलेली मी स्वतः डोळ्यांनी बघितली, पेंट घासून चकचकीत झालेले पट्टे होते तिच्यावर, आळीपाळीने दोन्ही बाजूंना. तेव्हापासून नियमित काहीही दिसलं की मी आधी भूमिती तपासतो, गंज नंतर.

स्पीडही बघा. पल्स्ड टूल असेल आणि मिनिटाला तीन मीटर ओढलं असेल तर अर्ध्या सेकंदात टूल अडीच सेंटिमीटर सरकतं, ते चालतं. घाईत दुप्पट-तिप्पट ओढलं असेल तर बाहेरच्या पाइपची रेघ अर्धवट ऐकलेल्या सिग्नलवर काढलेली असते. रिपीट सेक्शन घेतलाय का? दोन वेळच्या रेघा एकमेकींवर बसत नसतील तर पुढची चर्चाच नको.

गंजपारखी

पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीबद्दल वरच्यांशी सहमत. पण सगळे त्यात अडकले आणि दुसरी गोष्ट राहूनच गेली, आणि माझ्या मते तीच खरी आहे.

८८ ते ११७ मीटर. हळूहळू वाढणारी, हळूहळू उतरणारी, कोणत्याच कॉलरला न जुमानणारी, आणि आतल्या रेघांत आरसा नाही. गंज असाच दिसतो. तळठावताई, माझा एकच प्रश्न, १३-३/८ चं सिमेंट जमिनीपर्यंत आलं होतं का? पूर्ण भरलं असं म्हणतात सगळे, पण सिमेंटिंगच्या रिपोर्टमध्ये परतावा (जमिनीवर परत आलेलं सिमेंट) दिसला का ते वाचा. सिमेंट वर आलं नसेल तर तेवढा पाइप बाहेरून भूजलात उघडा उभा आहे, वर्षानुवर्षं, आणि सगळ्यात वरच्या भागात ऑक्सिजन, ओलावा, सूक्ष्मजीव यांची सोय सगळ्यात चांगली.

हे मी का लावून धरतोय ते सांगतो. २३ ऑक्टोबर २०१५ ला कॅलिफोर्नियात अलिसो कॅन्यनच्या गॅस साठवण क्षेत्रात एसएस-२५ नावाची विहीर फुटली. १९५३-५४ मध्ये खोदलेली विहीर. ७ इंची केसिंग ८९२ फुटांवर उभं फाटलं होतं, आणि ते फाटलं बाहेरच्या बाजूने लागलेल्या गंजामुळे, ज्यात सूक्ष्मजीवांचा हात होता. आता हे बघा की त्या खोलीवर त्याच्याबाहेर ११-३/४ इंची सरफेस केसिंग होतं, ९९० फुटांपर्यंत. म्हणजे गंज दोन पाइपांच्या मधल्या जागेत, भूजल शिरलेल्या ठिकाणी लागला, जिथे आतून बोट पोचत नाही आणि बाहेरून डोळा पोचत नाही. गळती बंद व्हायला फेब्रुवारी २०१६ उजाडला, लाखभर टन मिथेन हवेत गेला. आजूबाजूच्या हजारो लोकांना घरं सोडावी लागली. २०१९ मध्ये मूळ कारणांचा अहवाल आला तेव्हा त्यात हेही स्पष्ट झालं की त्या केसिंगची भिंत जाडीसाठी कधी तपासलेलीच नव्हती. त्यामुळे बाहेरच्या पाइपचं काय एवढं, आतला ठीक आहे ना, असं कोणी मीटिंगमध्ये म्हणालं तर कृपा करून हे सांगा. बाहेरचा पाइप भोकं पडून पाणी आत घेऊ लागला की आतल्याची पाळी येते.

आणि २२ टक्के हा आकडा फसवा आहे, उलट्या बाजूने. टूल पूर्ण घेराची आणि बऱ्याच उंचीची सरासरी काढतं. १३-३/८ चा घेर एक मीटरपेक्षा थोडा जास्त. टूलला साधारण अर्धा मीटर उंचीचा पट्टा एका वेळी जाणवतो असं धरलं आणि त्या पट्ट्यात २५ मिलिमीटर व्यासाचं आरपार भोक असलं, तरी गेलेलं लोखंड त्या पट्ट्याच्या एक हजारांश एवढंही भरत नाही. रेघ जागची हलणार नाही. मग सरासरी २२ टक्के जायला किती लोखंड जावं लागलं असेल याचा विचार करा. गंज घेरभर सारखा लागत नाही, एका बाजूला जास्त लागतो, म्हणजे काही ठिकाणी भिंत अर्धी किंवा त्याहून कमी उरलेली असू शकते.

माझं मत, ट्यूबिंग काढा.

वायरलाइन_वीस_वर्षं

गंजपारखी साहेब, काळजी पटली, घाई नाही पटली. ट्यूबिंग काढली म्हणून १३-३/८ उघडं पडत नाही, मध्ये ९-५/८ आहेच. फक्त साडेसहा मिलिमीटर लोखंड कमी होतं आणि मोठं टूल सोडता येतं, मोठी कॉइल बाहेरच्या पाइपच्या जवळ जाते, ते चांगलंच आहे, पण त्यासाठी विहीर मारायची (जड द्रव भरून दाब थोपवायचा), रिग आणायची. आधी जे फुकट आहे ते करा. बी-अ‍ॅन्युलसचं प्रेशर ब्लीड करा (सोडून द्या), किती वेळात परत भरतं ते चार्टवर नोंदवा, जे बाहेर येतं त्याचा नमुना घ्या. आणि जाडीची तुलना कशाशी केलीय ते विचारा. कागदावरच्या नॉमिनल जाडीशी केली असेल तर लक्षात ठेवा की एपीआय ५सीटी या केसिंगच्या मानकाप्रमाणे नवाकोरा पाइपसुद्धा साडेबारा टक्क्यांपर्यंत पातळ चालतो.

गंजपारखी

साडेबारा टक्क्यांची सूट एका जागी किमान जाडी किती असावी याची आहे. पाइपचं एकूण वजनही पाळावं लागतं, त्यामुळे घेराची सरासरी सलग दोन-अडीच जॉइंटभर साडेबारा टक्के कमी असं होत नाही. आणि २२ तर त्याच्या कितीतरी वर आहे. बी-अ‍ॅन्युलसची चाचणी जरूर करा, पण ६० पीएसआय टिकून आहे म्हणून भोक नाही असं धरू नका. शंभर मीटरवर बाहेर पाण्याचाच दाब १४० पीएसआयच्या आसपास असतो. आत-बाहेर दाब जुळून बसले तर भोक असूनही वरचा गेज जागचा हलत नाही.

तळठाव

मंडळी, तीन दिवस जुन्या फायलींच्या खोलीत काढले. तुम्ही सांगितलं नसतं तर मी रिपोर्टमधला तक्ताच मीटिंगमध्ये वाचून दाखवला असता.

जोड्यांचं अंतर लांबच्या रिसीव्हरच्या अंतराशी तंतोतंत जुळलं, आणि चारही ठिकाणी शेजारी मँड्रेल आहे. भुतंच निघाली.

४१२ आणि ४२४ ला ९-५/८ च्याच कॉलर आहेत, १३-३/८ ची सगळ्यात जवळची कॉलर पाच मीटर लांब. टॅली मिळाली. पेन्सिलने लिहिलेली, कडा कुरतडलेल्या, एका पानावर चहाचा गोल डाग. वजनाच्या रकान्यात वरून खालपर्यंत ४७, ४७, ४७ असं चाललंय, बहुतेक ठिकाणी नुसतं वरच्यासारखंच अशा खुणा, आणि खोली जुळवत मी त्या जॉइंटपाशी आले तर तिथे खूण नाही, आकडा आहे, ४०. खाली परत ४७ लिहून पुढे खुणा सुरू. कोणीतरी एक ४० पाउंडी जॉइंट मध्ये उतरवला आणि प्रामाणिकपणे नोंदही केली, पण अंतिम रिपोर्टमध्ये सगळी केसिंग ४७ पाउंडी अशी एकच ओळ आली. ४० पाउंडीची भिंत १०.०३ मिमी, ४७ ची ११.९९. भागाकार केला, १६.३ टक्के कमी. लॉगने १६ दाखवलं होतं. टूलने दोन भिंतींमधला हा फरक ट्यूबिंगच्या आतून ओळखला याचं मला खूप कौतुक वाटलं.

सिमेंटचं मात्र गंजपारखी सर म्हणाले तसंच. परतावा सुरुवातीला दिसला, मग पातळी खाली गेली असं लिहिलंय, वरून सिमेंट भरल्याची, म्हणजे टॉप जॉबची, नोंद कुठेच नाही.

चुंबकसुई

वा, १६.३ ला १६! हा जॉइंट आता तुमच्या हातातला माप-नमुना आहे. इन्व्हर्जन करणाऱ्यांना सांगा की ४१२ ते ४२४ ला ९-५/८ ची जाडी १०.०३ धरा, १३-३/८ ला तिथे नॉमिनल धरा आणि पुन्हा चालवा. ती चार टक्क्यांची सावली पुसली गेली पाहिजे. मग तेच कॅलिब्रेशन ८८ ते ११७ ला लावा. मला वाटतं २२ चा आकडा थोडा हलेल, कुठल्या बाजूला ते बघू, पण आकार तसाच राहिला तर तो खरा.

गंजपारखी

ताई, एक राहतंय. ४० पाउंडी जॉइंट सापडला म्हणून पहिला मुद्दा निकालात काढू नका. गंज नाही हे खरं, पण कमकुवत जागा आहेच. एल-८० मध्ये ४७ पाउंडीचा बर्स्ट (आतल्या दाबाने फुटण्याची मर्यादा) ६८७० पीएसआय, ४० पाउंडीचा ५७५०. कोलॅप्समध्ये (बाहेरच्या दाबाने चेपण्याच्या मर्यादेत) फरक त्याहून मोठा, ४७५० च्या आसपासवरून ३०९० वर येतो. तोही एल-८० च आहे धरून सांगतोय, टॅलीत ग्रेडचा रकाना बघा. इतकी वर्षं सगळ्यांनी केसिंग टेस्टचे आकडे ४७ धरून काढले असणार. पुढे कधीही प्रेशर टेस्ट किंवा किल (विहीर मारणं) करायचं ठरलं तर मर्यादा त्या एका जॉइंटची लागू होते.

तळठाव

ग्रेड एल-८० च आहे, बघितलं. पण कोलॅप्सचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजच वेल फाइलमध्ये दुरुस्तीची नोंद टाकते आणि वेलहेडच्या बोर्डवरचा आकडाही बदलून घेते.

इन्व्हर्जन परत करून आलं. सावली गेली. ८८ ते ११७ चा आकार तसाच, जास्तीत जास्त २२ ऐवजी १९. बी-अ‍ॅन्युलस ब्लीड केलं, चार तासांत परत ६० वर आलं, नमुन्यात पाणीच आहे, तपासणीला पाठवलंय. मीटिंगमध्ये हे सगळं मांडलं आणि ट्यूबिंग काढायचं ठरलं. रिग आल्यावर ९-५/८ मध्ये अल्ट्रासॉनिक, फ्लक्स लीकेज आणि मोठं इलेक्ट्रोमॅग्नेटिक टूल असं तिन्ही चालवायचा प्लॅन आहे. क्रम कसा ठेवू?

वायरलाइन_वीस_वर्षं

इलेक्ट्रोमॅग्नेटिक आधी, फ्लक्स लीकेज सगळ्यात शेवटी. त्याचे चुंबक ९-५/८ मध्ये चुंबकत्व मागे ठेवून जातात, आणि त्यानंतर जाडीची रेघ काढलीत तर पर्मिअबिलिटीचा तोच घोळ परत. अल्ट्रासॉनिक मध्ये टाका, केसिंग द्रवाने भरलेलं आहे याची खात्री करून. आणि पहिल्याच फेरीत ४०० ते ४३० चा रिपीट घ्या, तो ४० पाउंडी जॉइंट १०.०३ ला बसला की मग वर ८८ ला या.